झुंबरबाईंच्या वाटणीचा डबा

आमच्या पाणी संस्थेच्या कॉम्प्युटरला पासवर्ड एकच होता, पण तो दोघांत अर्धा-अर्धा होता.

यात आम्हाला कधी वावगं वाटलं नाही. संस्थेच्या तिजोरीला पहिल्यापासून दोन कुलपं. एकाची किल्ली चेरमनकडं, दुसऱ्याची व्हाईस चेरमनकडं. दोघं एका जागी आल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. तिजोरीत असतं काय, तर संस्थेचा शिक्का आणि एक बंद पडलेलं घड्याळ. पण पद्धत म्हणजे पद्धत. कॉम्प्युटर आला तेव्हा त्यालाही तीच लागू झाली. चेरमन पोपटराव पासवर्डाचा पहिला अर्धा दाबणार, तोवर व्हाईस चेरमन झुंबरबाई भिंतीकडं तोंड करून उभ्या राहणार. मग झुंबरबाई दुसरा अर्धा दाबणार, तोवर पोपटराव भिंतीकडं. भिंतीकडं नुसतं काय बघायचं, म्हणून आम्ही तिथं एक कॅलेंडरही लावलं होतं.

आमचं गाव शिरूर तालुक्याचं शेवटचं. भीमा ओलांडली की दौंड. नदीतून उपसलेलं पाणी कुणाच्या रानात कधी सोडायचं, एवढंच त्या कॉम्प्युटरचं काम. पूर्वी हे काम माणसं हातानं व्हॉल्व्ह फिरवून करायची आणि मग त्याच हातांनी एकमेकांची डोकी फोडायची. शेवटी व्हॉल्व्हची चाकंच काढून भंगारात घालायचा ठराव आला. संस्थेच्या इतिहासात एकमतानं मंजूर झालेला तो एकमेव ठराव. त्या दिवसापासून व्हॉल्व्ह फक्त कॉम्प्युटरचं ऐकतात.

उन्हाळ्यात पोपटराव आणि झुंबरबाईंनी मिळून पाळ्या लावल्या होत्या. पोपटरावांचा ऊस नवा होता, म्हणून त्याला दुप्पट पाणी. झुंबरबाईंचं रान पडीक होतं, म्हणून त्यांचा नंबर बंद. मग आषाढात वीज गेली, आली, आणि कॉम्प्युटरनं पासवर्ड मागितला. पोपटराव खुर्चीत बसले, बोट पुढं केलं, आणि बोट हवेतच राहिलं.

"इसरलो," ते म्हणाले.

ते खरंच विसरले होते, हे आम्ही मान्य करतो. विसरल्याचं त्यांना वाईट वाटत नव्हतं, हेही आम्ही बघत होतो. कारण कॉम्प्युटर बंद असला तरी व्हॉल्व्ह चालू होते. ते बिचारे उन्हाळ्यातला शेवटचा हुकूम पाळत होते. पोपटरावांच्या उसाला दुप्पट, बाकी गावाला नेमानं, झुंबरबाईंना थेंब नाही. आमच्या पाळ्या व्यवस्थित चालू होत्या, त्यामुळं आम्हालाही शांतपणे विचार करता येत होता.

झुंबरबाईंना येत नव्हता. त्यांनी रानात झेंडू लावला होता. झेंडूचं असं असतं, की तो दसऱ्याला फुलला तर सोनं, आणि दसऱ्यानंतर फुलला तर त्याला कुत्रं विचारत नाही. रोपं वीतभर झाली आणि पावसानं पाठ फिरवली. सासू-सुना डोक्यावर हंडे घेऊन एकेका रोपाला तांब्या-तांब्यानं पाणी घालत होत्या. शेजारी पोपटरावांच्या उसात पाणी इतकं साचलं होतं की तिथं बगळे येऊन स्थायिक झाले होते.

पोपटरावांनी प्रयत्न केला नाही असं नाही. सगळ्यांसमोर बसून केला. नातवाचं नाव टाकलं. बुलेटचा नंबर टाकला. वारलेल्या खिलारी बैलाचं नाव टाकलं आणि थोडा वेळ मान खाली घालून बसले. दर खेपेला झुंबरबाई पुढं होऊन आपला अर्धा जोडायच्या, पोपटराव कॅलेंडर बघायचे, आणि कॉम्प्युटर नाही म्हणायचा. वर एक ओळ दाखवायचा. पासवर्ड विसरला तर आठवावा म्हणून मालकानं आधीच लिहून ठेवायची ती खूण असते. पोपटरावांनी लिहून ठेवलं होतं, "चेरमनला विचारा."

झुंबरबाईंची सून तेजश्री शिक्रापूरजवळच्या कंपनीत स्टोअरला आहे. दिवसभर कॉम्प्युटरवरच असते. ती दारात उभी राहून बघत होती.

"कॉम्प्युटर म्हणतोय चेरमनला विचारा," ती म्हणाली. "विचारा की मामा, स्वतःला."

"इचारलं. चेरमन म्हणत्यात ठावं न्हाई," पोपटराव म्हणाले. आणि तोंडावरची रेष हलली नाही.

"रिसेट करून आणू. शिक्रापूरला करून देतात."

"तसं कसं? संस्था म्हंजी नियम आला. आधी नोटीस काढायची, मग सभा, सभेत ठराव, ठराव तालुक्याला. तालुक्यानं व्हय म्हणलं की मग काय ते रिसेट."

"कवापर्यंत व्हईल?" झुंबरबाईंनी विचारलं.

"दिवाळीच्या आसपास बघू."

"दसरा आधी येतो, भावजी."

"ते पंचांगवाल्याला सांगा वयनी, माझ्या हातात न्हाई."

मग तेजश्रीनं ही यंत्रणा बसवणाऱ्या दौंडच्या इंजिनिअरला फोन लावला. दोन वर्षांत त्यानं ती कंपनी बंद करून मंगल कार्यालय काढलं होतं, हे आम्हाला माहीत नव्हतं. फोन स्पीकरवर होता.

"वधूपक्षाकडून का वरपक्षाकडून?" त्यानं विचारलं.

"पाणीपक्षाकडून," तेजश्री म्हणाली आणि सगळी हकीकत सांगितली.

त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. "त्या धंद्यातून मी बाहेर पडलोय ताई. आता तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखा शिल्लक आहेत. सांगा, धरून ठेवू का एखादी?"

त्या रविवारी झुंबरबाई संस्थेच्या ओसरीवर येऊन बसल्या. हंडा सोबत होता. तो त्यांनी पोपटरावांच्या बरोबर समोर ठेवला.

"पासवर्ड अर्धा माझा हाय का न्हाई?"

"हाय की."

"मंग कॉम्प्युटरबी अर्धा माझा. आजच्या आज वाटणी करून द्या."

पोपटराव हसले. मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं. आमच्यातलं कुणी हसत नव्हतं. वाटणी हा आमच्याकडं हसण्याचा विषय नाही. आमच्याकडं विहिरीची वाटणी झालेली आहे, आंब्याची झालेली आहे, एका घरी तर म्हशीची झालेली आहे आणि ती म्हैस अजून दोन्हीकडं दूध देते. कॉम्प्युटरची झाली नव्हती, एवढंच. लगेच आण्णांना बोलावणं गेलं. गावातली कुठलीही वाटणी आण्णा बसल्याशिवाय होत नाही. त्यांनी आल्या आल्या पाणी मागितलं. झुंबरबाई म्हणाल्या, "आमच्याकडं न्हाई, चेरमनच्या उसात हाय." आण्णा तहानलेलेच बसले.

वाटणीचा नेम साधा आहे. थोरल्यानं वाटे घालायचे, धाकट्यानं आधी उचलायचा. त्यामुळं थोरला लबाडी करत नाही, कारण चांगला वाटा धाकटाच उचलून नेईल. आता इथं थोरलं कोण, यावर बराच खल झाला. शेवटी आण्णा म्हणाले, "वयानं झुंबरबाई थोरल्या. पण वस्तू संस्थेची, तवा पद धरायचं. चेरमन थोरला, व्हाईस धाकटी. पोपटराव, वाटे घाला."

पोपटरावांनी उठून खोलीला एक फेरी मारली. त्यांच्या मनात काय चाललं होतं, ते आम्हाला दिसत होतं, कारण आमच्याही मनात तेच चाललं होतं. कॉम्प्युटर म्हणजे काच. अक्षरं उमटतात ती काचेवर. पाळ्या दिसतात त्या काचेवर. खाली टेबलाच्या पायाशी काळा डबा असतो, तो टीव्हीच्या डब्यासारखा. बिघडला की केबलवाला बदलून देतो. तेव्हा वयनी काच उचलणार, हे उघड होतं. त्यांनी ती उचलू नये म्हणून दुसरा वाटा भरायला हवा होता.

तर त्यांनी एका बाजूला एकटी काच ठेवली. दुसऱ्या बाजूला डबा ठेवला. डब्याजवळ कीबोर्ड आणि माउस ठेवला. वर प्रिंटर. शेजारी वीज गेल्यावर चालणारा यूपीएस.

"उचला वयनी."

तेजश्री सासूच्या कानाशी वाकली आणि काहीतरी बोलली. झुंबरबाईंनी मान हलवली. मग त्या उठल्या आणि सरळ काचेकडं चालायला लागल्या.

"थांबा," पोपटराव म्हणाले, आणि चाकाची खुर्ची ढकलत आणून डब्याजवळ लावली.

झुंबरबाई थांबल्या. खुर्चीकडं पाहिलं. मग काचेवरून पदरानं धूळ पुसली.

"झाक हाय गं तेजू काच. देवघराजवळ शोभंल."

"शोभंल आत्या. पण ठेवणार कशावर?"

पोपटरावांनी डब्याच्या वाट्यात टेबल घातलं. आण्णा म्हणाले, एकदा वाटा घातल्यावर भर घालता येते का, हा प्रश्न आहे. पोपटराव म्हणाले, खुशीनं घातलेली चालते. आणि त्यांनी भिंतीवरचा पंखा काढायला माणूस चढवला.

पंखा खाली आला तेव्हा झुंबरबाईंनी मोठा सुस्कारा सोडला. नवऱ्याच्या घरातून पोरगी सोडवून आणताना टाकतात तसा.

"जाऊ दे. बाईमाणसानं हावरट असू नये. काच राहू द्या चेरमनला. मी हे भंगार नेते."

आण्णांनी दोघांचे हात एकमेकांच्या हातात दिले. पोपटरावांनी काच घोंगडीत गुंडाळली आणि लेकरासारखी छातीशी धरून घरी नेली. जाताना ते मागं वळून म्हणाले, "कॉम्प्युटर बघावासा वाटला तर या वयनी. आपलंच घर हाय."

तेजश्रीनं सगळ्या वायरींचा फोटो काढून घेतला आणि मगच एकेक वायर सोडवली. सोमवारी सकाळी त्यांनी छोट्या टेम्पोत वाटणी भरली. सगळी भरली. मागं ठेवली असती तर पंख्याला पाय फुटले असते. पुढं तेजश्री टेम्पो चालवत होती. मागं, टेबल, प्रिंटर आणि पंखा यांच्या मधोमध झुंबरबाई चाकाच्या खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर डबा, आणि खुर्ची दोरीनं चारी बाजूंनी बांधलेली. शिक्रापूरच्या चौकात अॅम्ब्युलन्सलाही कुणी वाट देत नाही. त्या दिवशी कंटेनर बाजूला झाले. एका ट्रकवाल्यानं खिडकीतून डोकं काढून विचारलं, "माताजी, कौन सी पार्टी से खडी हो?"

"पानी से," झुंबरबाई म्हणाल्या.

प्रांजलचं दुकान मोबाईलच्या दुकानांच्या ओळीत शेवटी आहे. कामगारांचे फोन आणि कंपन्यांचे लॅपटॉप, दोन्ही तिच्याकडं येतात. तिनं डबा पाहिला, ऐकून घेतलं, आणि हात मागं घेतला.

"पासवर्ड काढून देईन, आतलं काही पुसलं जाणार नाही. पण हा तुमचाच कशावरून? परवाच एकानं भावाचा लॅपटॉप आणला होता उघडायला. भाऊ मागून काठी घेऊन आला."

"अर्धा माझा हाय," झुंबरबाई म्हणाल्या.

"अर्धा उघडता येत नाही मावशी. दुसरा अर्धा कुणाचा?"

"चेरमनचा."

"मग चेरमन हो म्हणाले पाहिजेत."

तेजश्रीचा चेहरा पडला. सबंध वाटणी, पंखा, शिक्रापूरची ट्रॅफिक, सगळं या एका वाक्यापाशी येऊन थांबलं होतं. झुंबरबाईंनी पदर खोचला.

"लाव फोन," त्या म्हणाल्या.

"आत्या, तो नाही म्हणंल."

"लाव तर. सरळ इचारायचं. आपुन काय चोर न्हाई."

फोन प्रांजलनंच लावला आणि स्पीकरवर ठेवला. पलीकडं पोपटरावांचा आवाज लांबून, वाऱ्यातून येत होता.

"नमस्कार सर. झुंबरबाई आल्यात माझ्या दुकानात. त्यांच्याकडं एक काळा डबा आहे. तो त्यांचाच आहे का?"

"व्हय व्हय. त्यांच्याच वाटणीचा. पंचांसमोर दिलाय. माघारी घेणार न्हाई."

"म्हणजे त्यावर तुमचा काही हक्क नाही?"

"डब्यावर? काय बी न्हाई. कॉम्प्युटर माझ्याकडं हाय. माझ्यासमोर हाय आत्ता."

"मी तो उघडून त्यातला पासवर्ड बदलला तर तुमची हरकत?"

"बाई, तुमी त्यात कांदे भरा," पोपटराव म्हणाले. "फकस्त पुन्हा माझ्या दारात आणू नगा."

प्रांजलनं हे व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा म्हणून सांगितलं. पोपटरावांनी लिहून तर पाठवलंच, खाली "चेरमन" असंही टाकलं, आणि अंगठ्याचं चित्र पाठवलं.

पुढचं काम बघण्यासारखं नव्हतं. प्रांजलनं डब्याला एक पेनड्राइव्ह लावला, आपल्या दुकानातली काच जोडली, आणि चहा येईपर्यंत जुना पासवर्ड गेलेला होता. काचेवर आमच्या गावाचं पाणी उमटलं. कुणाचा नंबर कितवा, कुणाला किती. झुंबरबाईंच्या नावापुढं "बंद" लिहिलेलं होतं. त्या जवळ जाऊन ती अक्षरं बराच वेळ बघत राहिल्या.

"एवढंच व्हय," त्या म्हणाल्या. "म्हैनाभर म्या हंडे व्हायले ते या दोन अक्षरापायी."

"नवीन पासवर्ड काय ठेवू?" प्रांजलनं विचारलं. "आणि दोघांत वाटायचा असेल तर..."

"न्हाई. एकच. सबंध."

"काय?"

"उघड."

प्रांजलनं इंग्रजीत उघड लिहिलं. नुसतं चालत नाही म्हणून मागं एक आकडा लावला.

परत आल्यावर त्यांनी डबा होता त्या जागी ठेवला, फोटो बघून वायरी लावल्या, आणि घरचा टीव्ही आणून काचेच्या जागी जोडला. आम्ही सगळे जमलो होतो. तेजश्रीनं झुंबरबाईंना टेबलाशी बसवलं. बोट धरलं नाही. कुठं दाबायचं तेवढं सांगितलं. झुंबरबाईंनी आपल्या नावापुढचं "बंद" काढलं. मग पोपटरावांच्या नावापुढचं दुप्पट काढून सगळ्यांइतकं केलं.

"अगदीच बंद करा की चेरमनचं," आमच्यातलं कुणीतरी मागून म्हणालं.

झुंबरबाई वळल्या. "इतके दिस माझं बंद हुतं तवा तुजं तोंडबी बंद हुतं. आत्ताबी ठेव."

मग त्यांनी पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला लाल रंग मागवला. तेजश्रीला म्हणाल्या, पासवर्ड भिंतीवर लिही, कॅलेंडर काढ, मोठा लिही. तेजश्रीनं हातभर अक्षरांत लिहिला. आण्णा म्हणाले, सगळ्यांना दिसला तर त्याला पासवर्ड कसा म्हणायचा. झुंबरबाई म्हणाल्या, "ज्याला कुणाला पाणी बदलायचं, त्यानं दिसा यावं, दार सताड ठेवून सगळ्यांम्होरं बदलावं. ज्याला भिंतीकडं तोंड करायचं, त्यानं आपल्या घरची भिंत बघावी."

एवढं सगळं होईपर्यंत पोपटराव कुठं होते, असं कुणी विचारेल. ते गच्चीवर होते. त्यांनी घरी काच लावली तेव्हा त्यावर "नो सिग्नल" आलं होतं. नो सिग्नल म्हणजे रेंज नाही, हे त्यांना मोबाईलमुळं माहीत होतं. म्हणून काच आधी ओट्यावर आली, मग माडीवर, मग गच्चीवर, आणि दुपारपासून ते ती टाकीवर ठेवून वेगवेगळ्या दिशांना फिरवत होते. नदीकडं तोंड केल्यावर थोडी बरी वाटते, असं त्यांचं मत झालं होतं. त्याच उंचीवरून त्यांना दिसलं, की आपल्या उसातलं पाणी थांबलंय आणि बगळे उठून झुंबरबाईंच्या रानाकडं निघालेत.

ते बांधावर आले तेव्हा झुंबरबाई खोरं घेऊन दारं धरत होत्या. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पाय चिखलात. पाणी सरीतून पुढं सरकत होतं आणि तहानलेली माती ते वाटेतच पीत होती, म्हणून फार हळू.

"वयनी, हे पाणी कुणी सोडलं?"

"म्या."

"ठरावाशिवाय?"

"माज्या वाटणीच्या डब्यानं माज्या वाटणीचं पाणी सोडलं. त्याला कशाला ठराव?"

"बेकायदा हाय हे. म्या तालुक्याला तक्रार करीन. लेखी करीन."

"करा की. नीट लिवा. लिवा की कॉम्प्युटर चेरमनच्या गच्चीवर हाय, टाकीवर बसवलाय, आन् पाणी झुंबरबाईनं सोडलं. खाली सही करा. साक्षीला आण्णांचं नाव घाला. लागलं तर त्या पोरीला तुमी धाडलेलं बी जोडा, अंगठ्यासकट."

पोपटरावांनी तोंड उघडलं. त्यांना काहीतरी फार महत्त्वाचं म्हणायचं होतं, आणि ते वाक्य त्यांनी मनात पुन्हा पुन्हा मांडून पाहिलं असावं, कारण त्यांचा चेहरा दर वेळी थोडा बदलत गेला. शेवटी ते म्हणाले, "माजा ऊस वाळंल."

"न्हाई वाळणार. तुमची पाळी बुधवारी हाय, सगळ्यांसारखी. येऊन बघा, पटत नसंल तर बदला. म्या तिथं बसलेली आसंन."

तेजश्री पलीकडच्या टोकाला उभी होती. तिनं हात वर केला. पाणी सरीच्या शेवटाला पोचलं होतं. झुंबरबाईंनी खोऱ्यानं माती ओढून तोंड बंद केलं आणि पुढचं फोडलं. तिथं बांधाला उतार होता. पाणी वळलं आणि चेरमनच्या पांढऱ्या बुटांच्या दिशेनं निघालं.

"भावजी," झुंबरबाई खाली मान घालूनच म्हणाल्या, "बूट तरी काढा, न्हाईतर मागं तरी सरा. माजं पाणी आलंय."